ताम्रपटावर शंका घेणारी मुलगी

प्रश्न : मुलगी बारावीत, कला शाखेत आहे. आमच्या भावकीत पूर्वजांना गाव इनाम मिळाल्याचा ताम्रपट आहे. त्यावरची तिथी आणि वार जुळत नाहीत, म्हणजे तो बनावट आहे, असं ती जत्रेला जमलेल्या सगळ्यांसमोर बोलली. चुलते भडकले. आता म्हणते, यातच पुढे शिकायचं. यात पोट भरतं का?
– एक आई, तासगाव

ताई, सप्रेम नमस्कार.

चुलत्यांचा राग निवळेल. पण बारावीतल्या पोरीनं आपणहून तिथी-वार ताडून बघावेत, ही साधी गोष्ट नाही. तिला गप्प बसवू नका.

ताम्रपटावर शंका घेणं हे आजकालचं खूळ नव्हे. सातव्या शतकातल्या हर्षवर्धनाच्या मधुबन ताम्रपटातच नोंद आहे, की वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट सनदेच्या जोरावर सोमकुंडका गाव उपभोगत होता. राजानं ती सनद मोडली आणि गाव दुसऱ्यांना दिलं. मनुस्मृतीत तर कूटशासन करणाऱ्याला देहदंड सांगितलाय. जिथं जमीन मिळते आणि सारा माफ होतो, तिथं खोटे दस्त होणारच.

ते पकडतात कसे, हे लेकीला एका उदाहरणावरून कळेल. समुद्रगुप्ताच्या नावाचा एक ताम्रपट गयेला मिळाला. जुन्या लेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी १८८८ मध्ये तो खोटा ठरवला, तो मुख्यतः व्याकरणावरून. राजाचं नाव प्रथमेत, पण त्याची विशेषणं षष्ठीत! ‘समुद्रगुप्ताचा पुत्र’ असं जिथं म्हणायचंय, तिथं ही षष्ठी बरोबर बसते. म्हणजे वंशजांच्या सनदेवरून मजकूर उतरवला, नाव प्रथमेत केलं आणि विशेषणांची विभक्ती बदलायची राहून गेली. मुद्रा, म्हणजे पत्र्याला जोडलेला राजाचा शिक्का, मात्र अस्सल असावी, दुसऱ्या पत्र्यावरून काढून जोडलेली, असं त्यांना वाटलं. पुढे काहींनी हा पत्रा मूळ सनदेची नंतर केलेली नक्कल असावा, असंही मत मांडलं.

लेकीनं इथंच थांबून विचार करावा. वार जुळला नाही म्हणून लगेच ‘बनावट’ म्हणता येत नाही. शकाचा आकडा गत, म्हणजे सरलेल्या वर्षांचा धरायचा, की वर्तमान, म्हणजे चालू वर्षाचा, यानं वर्षाचा फरक पडतो आणि वार बदलतो. अस्सल सनदांतही लिहिणाऱ्यांच्या चुका सापडतात. अक्षरवळण, भाषा, वंशावळ, पत्रे ओवलेली कडी, मुद्रा असं सगळं तपासावं लागतं. गडहिंग्लजजवळच्या सामानगडचा राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा ताम्रपट शक ६७५ चा (इ.स. ७५३-५४), पण त्याचं अक्षरवळण त्या काळाला शोभत नाही, अशी शंका जाणकारांनी घेतली आहे. आणि नक्कल ठरली तरी ती टाकाऊ नसते. ती कुणी केली, कोणत्या जमिनीसाठी केली, हाही इतिहासच. शंका लवकर येणं हा तिचा गुण. निकाल लवकर देणं ही सवय मात्र तिनं सोडावी.

आता शिक्षणाचं. बी.ए.ला संस्कृत घ्यायला लावा, इतिहास जोडीला. विभक्ती कळल्याशिवाय गयेसारखी चूक दिसतच नाही. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विषयात एम.ए. करता येतं. तुमच्या भागात तिनं जुनी कन्नडही शिकावी, असा माझा आग्रह आहे. सांगली-मिरजेचा मुलूख चालुक्य, शिलाहारांचा. इथले कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत आणि ते वाचू शकणारी मराठी मुलं फार थोडी.

पोटाचं स्पष्ट सांगते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेख-ताम्रपट वाचणारी शाखा म्हैसूरला आहे, पण तिथल्या जागा मोजक्या आणि भरती रोज निघत नाही. नेट परीक्षा होऊन प्राध्यापकी, संग्रहालयं, हस्तलिखितांचे प्रकल्प हे बाकीचे रस्ते. त्यातही थांबावं लागतं. म्हणून मोडी आत्तापासून शिकवा. जुनी कागदपत्रं सांभाळणारं राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत काम मिळालं आहे आणि जमिनीच्या जुन्या दस्तांसाठी ती गरज आधीपासून आहेच. एम.ए. होईपर्यंत तिचा खर्च त्यातून थोडाफार सुटेल.

राहिला घरातला ताम्रपट. सणावाराला तो चिंच लावून घासत असाल तर आजपासून बंद करा. खोबणीतला हिरवट थर आणि अक्षरांच्या कडा हाच पुरावा असतो. चुलत्यांच्या परवानगीनं लेकीनं दोन्ही बाजूंचे, कडीचे आणि मुद्रेचे तिरप्या उजेडात फोटो काढावेत आणि डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांना दाखवावेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, तेव्हा नोंदणीचीही चौकशी करा. फोटो दाखवायला जाताना चुलत्यांनाही बरोबर न्या.