लाईट गेली तेव्हा चार-एक होतं

मागच्या अंकात स्टेफी ग्राफ आणि मार्टिना नवरातिलोवा यांच्या १९८८ च्या विम्बल्डन फायनलवर दोन परिच्छेद काय लिहिले, पोस्टमनने गठ्ठाच आणून टाकला. एरवी या सदरात गुडघेदुखी, शाळेच्या कबड्डी संघातलं राजकारण, पोरीला मैदानावर पाठवू का नको, असले प्रश्न येतात. यावेळी सगळं हिरवळीवरच्या बायकांच्या टेनिसचं. निम्म्या पत्रांत प्रश्न नाहीच, नुसती आठवण. काहींच्या आठवणी चुकल्या आहेत. माझीही एक चुकली, तर तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की ८८ ला स्टेफीने शेवटचे बारा गेम ओळीने घेतले. मला वाटतं मार्टिनाने मध्ये एक घेतला होता. आणि बाई, दोघींत मोठी कोण? (एक वाचक, धुळे)

उत्तर : तुमचंच बरोबर, कान पकडते. पहिला सेट मार्टिनाने ७-५ घेतला, दुसऱ्यात ती २-० ने पुढे होती. तिथून स्टेफीने सहा गेम ओळीने घेऊन सेट ६-२ केला आणि तिसरा ६-१. म्हणजे तेरापैकी बारा. तो एक गेम मी खाऊन टाकला. ८२ पासून सलग सहा वर्षं विम्बल्डन जिंकणाऱ्या बाईचा गेम असा गिळू नये, मान्य.

मोठी कोण, याचं उत्तर आमच्या घरात तीस वर्षं लागलेलं नाही. विम्बल्डनच्या एकेरीची विजेतेपदं मार्टिनाची नऊ, स्टेफीची सात. मी मार्टिनाची. यजमान स्टेफीचे. पुढचा प्रश्न.

प्रश्न : माझे काका रेल्वेत होते. ते सांगायचे की पूर्वी एका फायनलचा पहिला सेट १४-१२ झाला होता. आम्ही पोरं हसायचो. असं झालं होतं का? (सेवानिवृत्त, भुसावळ)

उत्तर : काकांनी फेकलेलं नाही, दादा. साल १९७०, मार्गारेट कोर्ट विरुद्ध बिली जीन किंग, कोर्टने १४-१२, ११-९ अशी मॅच काढली. दोनच सेट, पण गेम ४६! दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालायचा, बरोबरीत एका जादा गेमने सेट निकाली काढायची टायब्रेकची पद्धत तेव्हा नव्हती. विम्बल्डनमध्ये टायब्रेक पुढच्या वर्षी आला, तोही ८-८ झाल्यावर. ६-६ वर यायला १९७९ उजाडलं. आणि दोघी धडधाकट होत्या असं समजू नका. कोर्टचा घोटा दुखावलेला, वेदना मारायचं इंजेक्शन घेऊन उतरलेली. किंगचा गुडघा गेलेला. त्या वर्षी कोर्टने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि तेव्हा चारपैकी तीन गवतावरच व्हायच्या. अमेरिकेतलं गवत १९७४ नंतर गेलं, ऑस्ट्रेलियातलं १९८७ नंतर.

भुसावळचं पत्र म्हणून एक जास्तीचं. माझे मामाही रेल्वेत गार्ड. सुट्टीत त्यांच्याकडे गेलं की साहेबलोकांच्या क्लबाचं कोर्ट आम्ही तारेच्या कुंपणातून बघायचो. मुरमाचं कोर्ट. चार वाजता माळी झारीने पाणी मारायचा, मग दोघं जण रोलर ओढायचे, मग चुन्याच्या रेघा. खेळ अर्धा तास आणि तयारी दोन तास. टेनिस म्हणजे लाल जमिनीवर खेळायचा खेळ, अशीच माझी समजूत होती. हिरव्या जमिनीवर खेळतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, गुरं सोडत नाहीत का त्यांच्यात?

प्रश्न : मी नववीत आहे, जिल्हा पातळीवर टेनिस खेळते. जुन्या मॅचेस मोबाईलवर बघते. त्या बाया सर्व्हिस झाली की लगेच नेटकडे का पळतात? आताच्या पळत नाहीत. मी पळू का? (एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : बेटा, नदीच्या पाण्यावर चपटा दगड आडवा मारून भाकऱ्या काढल्या आहेस ना? दगड पाण्याला टेकतो आणि फारसा वर न उडता पुढे सरकत जातो. गवतावर चेंडूचं तसंच होतं. गवत गुळगुळीत, त्यामुळे टप्पा पडताना चेंडूचा पुढचा वेग फारसा अडत नाही. आणि खालची जमीन नरम असली की उसळीही मरते. मातीच्या कोर्टवर उलटं. माती चेंडूला धरते, तो मंदावतो आणि वर उडतो. मातीवर खांद्याशी येणारा चेंडू गवतावर घोट्याशी येतो. त्यातून जुन्या गवतावर टप्पा कधी कुठे जाईल याचा नेम नसायचा. मग शहाण्या बाया काय करायच्या? टप्पाच पडू द्यायच्या नाहीत. सर्व्हिस करायची, पुढे धावायचं, चेंडू हवेतच मारायचा. बॅकहँडचा स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापल्यासारखा मारायचा फटका, तोही गवताच्या या खालच्या उसळीसाठीच. तो पडला की समोरचीला गुडघे वाकवून चेंडू जमिनीवरून उकरून काढावा लागतो.

आता का पळत नाहीत? एक कारण गवताचं. विम्बल्डनमध्ये पूर्वी सत्तर टक्के राय गवत आणि तीस टक्के फेस्क्यू नावाचं दुसरं बारीक गवत असं मिश्रण होतं. २००१ पासून शंभर टक्के राय. कापून आठ मिलिमीटरवर ठेवतात, करंगळीच्या नखापेक्षा कमी. हे गवत चिवट, खालची जमीन घट्ट राहते, म्हणून टप्पा बरा आणि सरळ येतो. रॅकेट आणि तारासुद्धा बदलल्या, मागे उभं राहून ठोकता येतं.

याचा पुरावा तुला मोबाईलवरच दिसेल. मार्टिनाच्या काळातल्या एखाद्या फायनलमध्ये खेळाडू बघू नकोस, जमीन बघ. मागच्या रेघेपासून नेटकडे जाणारी तपकिरी पायवाट दिसेल, शेतातून विहिरीकडे जाते तशी. नंतर आत्ताची फायनल लाव. नेटजवळ हिरवंगार, आणि मागच्या रेघेवर दोन्हीकडे टक्कल.

तू पळू नकोस. म्हणजे सारखी पळू नकोस. तुझं कोर्ट सिमेंटचं असणार, चेंडू छातीशी येणार, समोरची तुझ्या बाजूने चेंडू काढणार. पण आठवड्यातून एक दिवस फक्त व्हॉलीचा, म्हणजे चेंडू हवेतच मारायच्या सरावाचा, ठेव. आणि शहाद्याला गवताचं कोर्ट होईल का असंही विचारलंयस. विलायती राय थंड हवेतलं, आपल्या मे महिन्यात ते दुपारपर्यंतही टिकायचं नाही. आपल्याकडे गवताची कोर्टं करतात ती हरळीची. कोलकात्याच्या साउथ क्लबची हिरवळ प्रसिद्ध आहे. म्हणजे जी हरळी उपटता उपटता तुझ्या आजोबांची कंबर गेली, तीच लावायची, वर पाणी घालायचं आणि रोज कापायची. वडिलांना विचारून बघ, काय म्हणतात ते मलाही कळव.

प्रश्न : १९९५ च्या फायनलमध्ये एक गेम वीस मिनिटं चालला, हे खरं का? आम्ही तेव्हा केळीच्या गाड्या भरत होतो, ट्रान्झिस्टरवर नंतर ऐकलं. (एक शेतकरी, रावेर)

उत्तर : खरं. स्टेफी आणि अरांचा सांचेझ व्हिकारिओ. एकेक सेट झालेला, तिसऱ्यात ५-५, सर्व्हिस अरांचाची. तो एक गेम वीस मिनिटं. तेरा वेळा ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, जिथून गेमला ओळीने दोन गुण लागतात. एकूण बत्तीस गुण. तुम्ही हिशेबाचे, म्हणून हिशेबच देते : पहिल्या ड्यूसपर्यंत सहा गुण, पुढच्या बारा ड्यूसचे प्रत्येकी दोन म्हणजे चोवीस, झाले तीस, आणि शेवटी गेम तुटायला दोन. बत्तीस. मी हा ताळा तेव्हा वहीच्या मागच्या पानावर केला होता, कारण वर्तमानपत्रावर माझा भरवसा नव्हता.

गेम अखेर स्टेफीने घेतला, मग आपली सर्व्हिस राखून ४-६, ६-१, ७-५. पण मला डोळ्यांपुढे येते ती अरांचा. उंची बेताची, गवतावर फार काही करील असं कुणाला वाटत नव्हतं, आणि एकेका चेंडूमागे अशी सुटायची की बघणाऱ्याला धाप लागावी. तुमच्याकडे घड बागेतून गाडीपर्यंत डोक्यावर आणणाऱ्या बाया असतात ना, तशी. थांबायचं ठाऊकच नाही.

प्रश्न : आपली कुणी बाई तिथे जुन्या काळी जिंकली होती का? (वाचक, जळगाव)

उत्तर : हो. लीला राव. १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीची मॅच जिंकणारी पहिली भारतीय महिला. तिची आई म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव, त्याही टेनिस खेळायच्या. घरात आई संस्कृत श्लोक रचतेय आणि रॅकेटही धरतेय, १९३४ च्या आधी! आमच्या शाळेत १९८५ साली पोरींनी पंजाबी ड्रेस घालून खेळावं की नाही यावर दोन बैठका झाल्या होत्या.

प्रश्न : ९३ च्या फायनलला ती याना नोवोत्ना ५-१ ने पुढे होती ना? जिंकल्यात जमा होती. हरली तेव्हा मी आणि माझी बहीण दोघी रडलो. तुम्ही बघितली होती का ती मॅच? (एक भगिनी, चोपडा)

उत्तर : ५-१ नव्हे ताई, ४-१. ते ५-१ होता होता राहिलं. पहिला सेट स्टेफीने टायब्रेकवर घेतला, दुसरा यानाने ६-१ असा धुवून काढला. तिसऱ्यात याना ४-१, सर्व्हिस तिची, ४०-३०. एक गुण आला की ५-१. आणि तिथे डबल फॉल्ट, दोन्ही सर्व्हिस चुकल्या, गुण गेला. त्यानंतर पाचही गेम स्टेफीचे. ७-६, १-६, ६-४.

बघितली का, तर बघितली आणि नाही बघितली. तेव्हा आम्ही अमळनेरला. शेजारी नवीन केबल आलेली, साडेसहाला मॅच सुरू झाली तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही आठ-दहा जणी. माझी माय उंबऱ्याशी बसली होती. तिला टेनिसमधलं काही कळत नव्हतं, पण याना आवडली, कारण ती सारखी पुढे धावायची. "ती पोर भ्यास नही," म्हणाली, आणि स्वयंपाकाला निघून गेली.

तिसऱ्या सेटमध्ये ४-१ झालं आणि लाईट गेली.

जुलैतला पाऊस, खांबावर कुठे काय तुटलं कोण जाणे. पंधरा मिनिटं अंधारात बसलो. मग मी घरी आले. माय चुलीपाशी कळण्याच्या भाकरी थापत होती, शेजारी चिमणी लावलेली. परातीत पीठ, हात पाण्यात बुडवून भाकरीवरून फिरवताना मान वर न करता तिने विचारलं, "कोन जितनं वं?" मी म्हटलं, "तीच. तुझी पोरगी." खोटं बोलले नाही मी. ४-१ ला कोण हरतं? माय खूश झाली, भाकरी टम्म फुगली, मी दोन खाल्ल्या. लाईट रात्री कधीतरी दोनला आली.

सकाळी रविवार. पेपर आला आणि पहिल्या पानावर फोटो : याना बक्षीस देणाऱ्या इंग्लंडच्या राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडतेय. बातमी वाचली आणि पोटात गोळा आला. रात्रभर मी तिला जिंकून ठेवलं होतं. माझ्या मागे माय येऊन उभी. तिला वाचता येत नव्हतं, फोटो तेवढा बघितला.

"जितनी ना ती? मंग काबर रडी राहिनी?"

मी म्हटलं, "आनंदानं गं, माय."

आता हे मात्र खोटं. का बोलले, माहीत नाही. पेपर घडी करून फळीवर ठेवून दिला.

९७ ला याना पुन्हा फायनलला आली. मार्टिना हिंगिसविरुद्ध पहिला सेट ६-२ घेतला आणि पुढचे दोन हरली. ते मी मायला सांगितलंच नाही. ९८ ला तिसऱ्यांदा आली, नताली तोझियाला ६-४, ७-६ हरवून एकदाची जिंकली. पुढे २०१७ ला गेली बिचारी, वय ४९.

९८ ची मॅच मी आमच्या घरच्या टीव्हीवर शेवटपर्यंत बघितली. लाईट गेली नाही. संपल्याबरोबर धावत स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, माय, ती याना जिंकली!

माय तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "हाई तं तू मांगेच सांगेल व्हतं."