पॅकेजमधली तपासणी नेमकी कशाची?

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला राहतो. मूल होत नाही म्हणून आयव्हीएफ करायचं ठरलंय. नणंदेच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, तिला सारखं रक्त चढवावं लागतं. सेंटरवाले म्हणतात, भ्रूणाची जेनेटिक टेस्ट पॅकेजमध्ये घ्या आणि निर्धास्त व्हा. घ्यावी का? सासूबाई विचारतात, त्यात मुलगा-मुलगी कळतं का?

उत्तर : ही टेस्ट पीजीटी-ए की पीजीटी-एम (एका ठरावीक जनुकातला दोष शोधणारी), हे सेंटरकडून आधी लिहून घ्या. पॅकेजमध्ये बहुधा ‘ए’ असते. त्यात गुणसूत्रांची संख्या पाहतात. डाऊन सिंड्रोम सापडतो, थॅलेसेमिया नाही! तुम्हाला निर्धास्त करणाऱ्यांनी भाचीबद्दल विचारलं तरी होतं का?

आणि थेट भ्रूणापर्यंत कशाला जायचं? नणंदेला मायनर (म्हणजे स्वतःला आजार नाही, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो) असणारच, म्हणजे तुमच्या मिस्टरांना असण्याची शक्यता किमान निम्मी. दोघांनी रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करून घ्या, त्यात मायनरमध्ये वाढणारं एचबीए-टू कळतं. तुमच्या अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा कमी येऊ शकतो, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) सोबत करा. एकालाच मायनर निघालं आणि दुसऱ्याचं सगळं नॉर्मल असेल, तर मूल फार तर मायनर होईल. मग थॅलेसेमियासाठी भ्रूण तपासायला नको. मात्र दुसऱ्यात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष निघाला (सुरगाणा, पेठकडे तो बराच आढळतो) तर ती जोडीही धोक्याचीच. तोही याच तपासणीत दिसतो.

दोघंही मायनर निघालात तर प्रत्येक गर्भारपणात मेजरची शक्यता 25 टक्के. तेव्हा पीजीटी-एम हवी. त्यासाठी दोघांच्या जनुकातला नेमका दोष आधी शोधतात. भाचीच्या आणि नणंदेच्या रक्ताचीही मदत होते. या तयारीत काही आठवडे जातात, म्हणून हे इंजेक्शनं सुरू होण्याआधीच उरकायचं. पुढे भ्रूण पाच-सहा दिवसांचा झाला, की ज्या थरातून वार बनते तिथल्या मोजक्या पेशी काढतात आणि रिपोर्ट येईपर्यंत भ्रूण गोठवून ठेवतात. क्वचित निदान चुकतं. म्हणून दिवस राहिल्यावर वारेची किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलाची तपासणी करून खात्री करून घ्यायला सांगतात.

मुलगा-मुलगी सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यासाठी मागे लागणाऱ्या घरच्यांनाही शिक्षा होऊ शकते. सासूबाईंना हे तुम्ही नका सांगू, मिस्टरांना सांगू द्या.