रात्रीच्या कबड्डीत हात पुसट का येतो?

प्रश्न : आमच्या गावी दरवर्षी रात्री प्रकाशझोतात कबड्डीचे सामने भरतात. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ लेन्सने, स्पोर्ट्स मोड लावून मी फोटो काढतो. तरीही चढाई करणाऱ्याचा हात पुसट येतो, आणि लागोपाठच्या फोटोंत काही उजळ, तर काही पिवळट व काळवंडलेले निघतात. काय चुकते?

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी असून त्यांची कारणेही वेगळी आहेत.

स्पोर्ट्स मोडमध्ये प्रकाश अपुरा पडला की कॅमेरा स्वतःच शटरचा वेग उतरवतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने झेपावणारा हात १/१२५ सेकंदात चार सेंटिमीटर सरकतो, तर १/१००० सेकंदात अवघा अर्धा सेंटिमीटर. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवून, शटर १/१००० वर ठेवावे, अॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडावे आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत न्यावा लागला तरी कचरू नये. आयएसओ वाढवल्याने फोटोत उमटलेले दाणे संगणकावर बरेच कमी करता येतात, विस्कटलेला हात मात्र सावरता येत नाही. फोकस सतत खेळाडूचा माग काढणारा, म्हणजे कंटिन्युअस, असावा.

खरी अडचण लेन्सची आहे. आपली लेन्स ५५ मिमीवर, म्हणजे पूर्ण झूमवर, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते आणि १३ बाय १० मीटरच्या मैदानाला ती पुरते. नव्या कॅमेऱ्याआधी हीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. (फ्लॅश मात्र नको, ऐन पकडीच्या वेळी तो खेळाडूंच्या डोळ्यांत जातो.)

पिवळट फोटोंचा दोष आपला नव्हे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वेगवान शटर त्यातला एखादाच क्षण टिपते. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असल्यास ती सुरू करावी, म्हणजे दिवा प्रखर असतानाच शटर उघडते. ती नसेल, तर प्रत्येक चढाईचे सलग पाच-सहा फोटो काढून त्यांतले उजळ तेवढे ठेवावेत.

बसायला चढाई करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागची जागा मिळवावी, कारण पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेपावताना चढाईपटूचा चेहरा त्याच दिशेला असतो.