हातांचं काय करायचं

चिरंजीव,

तुझा ऑडिशनचा व्हिडिओ दोनदा पाहिला. पाठांतर चोख आहे, आवाजही बरा. पण दीड मिनिटात तू चार वेळा शर्टाचं वरचं बटण चाचपलंस. सिनेमात नायक कुणी करत नाही, मालिकेत थोरल्या भावाचं काम देतायत, घेऊ का, असं विचारतोस. ते उत्तर बटणापेक्षा सोपं आहे. घे.

आता बटणाचं बोलू. एक संध्याकाळ काढ आणि अशोककुमारचे दोन सिनेमे लागोपाठ बघ, तेही आवाज बंद करून. पहिला 'अछूत कन्या', १९३६चा. हा माणूस मालाडच्या बॉम्बे टॉकीज या स्टुडिओत लॅबोरेटरीत कामाला होता. त्याच वर्षी 'जीवन नैया'च्या नायकाची जागा ऐनवेळी रिकामी झाली आणि स्टुडिओचे प्रमुख हिमांशु रायांनी त्याला उभं केलं. 'अछूत कन्या'त तो नायिका देविकाराणीशेजारी लग्नात चुकून वरपक्षात बसलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. खांदे वर, हात परके.

मग 'किस्मत', १९४३. खिसेकापू नायक, बोटांत सिगारेट. ती ओढण्यापेक्षा धरण्यात त्याचा अभिनय आहे. समोरचा बोलत असतो आणि हा नुसता ऐकतो, हात जागच्या जागी. कलकत्त्यात हा सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला तो काही सिगारेटमुळे नाही, पण तू सिगारेटच बघ. (बघ म्हटलंय, ओढ नाही.)

मधल्या सात वर्षांत त्याने पुष्कळ काम केलं, आणि त्यात आपल्या लीला चिटणीस होत्या: 'कंगन', 'बंधन', 'झूला'. डोळ्यांनी बोलायला आपण त्यांच्याकडून शिकलो, असं तो सांगायचा म्हणे. पुढे १९५१च्या 'आवारा'त लीलाबाई नायकाची आई झाल्या. हा मात्र १९५३च्या 'परिणीता'तही मीनाकुमारीचा नायक होता. हा हिशेब मला कधीच पटला नाही.

माझंही सांगतो. पहिल्या मालिकेत मी प्रत्येक सीनला हातात वर्तमानपत्र घ्यायचो. एकदा दिग्दर्शकाने ते काढून घेतलं आणि मला संवादच आठवेनात. युनिट चहाला गेलं, मी तिथेच उभा.

पुन्हा अशोककुमार. 'आशीर्वाद' सिनेमात म्हातारा होऊन 'रेलगाडी' हे गाणं म्हणतो, स्वतःच्या आवाजात, सोलापूर-कोल्हापूर एका दमात घेत. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याला. आणि १९८४ साली, बहात्तराव्या वर्षी, दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका. भाग संपला की दादामुनी, म्हणजे अशोककुमारच, यायचे, झाल्या गोष्टीवर दोन शब्द बोलायचे, 'छन पकैया' म्हणून निरोप घ्यायचे. ना सहकलाकार, ना सिगारेट, समोर फक्त कॅमेरा. आमच्या चाळीत एका टीव्हीपुढे तीन बिऱ्हाडं बसायची, आणि ते आपल्याशीच बोलतायत असं प्रत्येकाला वाटायचं. पुढे बी. आर. चोप्रांच्या मालिकेत बहादूरशहा जफरही केला. पडदा लहान म्हणून त्यांनी काम लहान केलं नाही, आणि मोठं करून ओरडलेही नाहीत. मालिकेत क्लोजअप फार असतात, तिथे भुवई उचलली तरी ओरडल्यासारखं होतं.

तर थोरल्या भावाचं काम घे, आणि निर्मात्याला आजच फोन कर. व्हिडिओ मात्र पुन्हा काढून पाठव. या वेळी बटणं नसलेला टीशर्ट घाल.

तुझा,
काका