बटू आल्पाइन सोपवर्ट (उंच पर्वतांतलं गुलाबी फुलांचं बुटकं रोप) म्हणून आणलेल्या रोपाची छान गादी, म्हणजे जमिनीलगत दाट वाढ झाली, पण दोन वर्षांत फूल नाही. हे नक्की तेच रोप आहे का? कसं वाढवायचं?

आधी ओळख पक्की करा, कारण मातीचं सगळं गणित त्यावर आहे. खरी बटू जात म्हणजे सॅपोनारिया प्युमिलिओ (जुन्या पुस्तकांत सायलीन प्युमिलिओ). पूर्व आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतांत चुना नसलेल्या आम्ल जमिनीवर, उंचावरच्या कुरणांत ती वाढते. या नावाखाली सॅपोनारिया ऑसिमॉइडीस किंवा 'ऑलिव्हाना' हा संकरही सर्रास विकला जातो.

फूल नसताना पानं बघा. प्युमिलिओची पानं समोरासमोर, अरुंद, किंचित मांसल आणि एक ते तीन सेंमी लांब असतात. गादी जमिनीला चिकटून राहते. लांब फांद्या पसरून कुंडीबाहेर लोंबत असतील आणि पानं रुंदट, लवदार असतील तर ती ऑसिमॉइडीस. तिला भरपूर ऊन आणि निचरा मिळाला की पुरे, चुनाही चालतो, त्यामुळे पुढचा खटाटोप तिच्यासाठी करू नका.

फूल आल्यावर सायलीन अकॉलिसशी गल्लत होऊ शकते, तीही गादीच करते. तिचं फूल जेमतेम एक सेंमीचं, प्युमिलिओचं दोन सेंमी किंवा थोडं मोठं, गुलाबी, गादीवरच एकेकटं बसलेलं. पुष्पकोश (पाकळ्यांखालचा पेला) फुगीर, लवदार, बऱ्याचदा लालसर. भिंग घेऊन फुलाच्या मधोमध कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचे बारीक दोरे) मोजा: सॅपोनारियात दोन, सायलीन अकॉलिसमध्ये तीन. वाळलेलं बोंडही सांगतं. सॅपोनारियाचं चार दातांनी उघडतं, सायलीनचं सहा. 'ऑलिव्हाना'त प्युमिलिओचंच रक्त असल्याने फक्त पानांवरून ती वेगळी काढणं अवघड आहे. मात्र संकर सहसा सहज फुलतो.

प्युमिलिओ असेल तर फूल न येणं नवलाचं नाही. सखल भागात ती फुलायला कुरकुर करतेच. कडक थंडी, दिवसा लख्ख ऊन आणि उन्हाळ्यातही गार रात्री, असं तिचं मूळ हवामान. गादी सावलीत असेल किंवा नत्रयुक्त खत मिळत असेल तर नुसती पानं वाढतात. असं खत बंद करा, निदान अर्धा दिवस थेट ऊन द्या.

मिश्रण असं: दोन भाग ग्रॅनाइटची बारीक खडी (2 ते 5 मिमी), एक भाग कुजलेल्या पानांचं खत, एक भाग बिनचुन्याची माती. सामू (pH) 5.5 ते 6.5. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, ती वापरू नका. सोटमूळ खोल जातं, म्हणून कुंडी निदान 20 सेंमी खोल घ्या आणि एकदा लावलेलं रोप उगाच हलवू नका.

पाणी शक्यतो पावसाचं द्या. बोअरच्या जड पाण्याने सामू चढतो, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) तात्पुरतं लागू पडतं, पण पाणी न बदलता ते देत राहणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं.

रोप मरतं ते बहुधा थंडीने नव्हे, थंडीतल्या ओलीने. बुंध्याशी पाणी साचलं की गादी मधूनच तपकिरी होऊन कुजते. गादीखाली दोन सेंमी खडी सरकवा आणि हिवाळ्यात पाऊस पडत असेल तर वर काच धरा, बाजू मात्र उघड्या ठेवा.

बी शरद ऋतूत पेरून उघड्यावर थंडी खाऊ द्या, किंवा ओलसर वाळूत मिसळून चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये 4 अंशांवर ठेवा. मग पेरून वर जेमतेम खडीचा थर. दोन जोड पानं येताच, सोटमूळ लांबण्याआधी, रोपं वेगळी करा. 'ऑलिव्हाना'चं बी मात्र पेरू नका, रोपं तशीच निघतीलच असं नाही. तिची फुलं संपल्यावर, फूल न आलेल्या कोंबांचे दोन-तीन सेंमीचे तुकडे ओलसर, जाड टोकदार कणांच्या वाळूत खोचा.