बाबांचं रात्री उठणं उकाड्यामुळे की साखरेमुळे?

वेंगुर्ल्याला बाबा रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, उशाशी पाण्याचा तांब्या लागतो, आणि घरचे म्हणतात "मे महिना आहे, उकाड्यानं होतंय", असं तुम्ही लिहिलंय. मला हे उकाड्याचं वाटत नाही.

आपल्याकडच्या दमट हवेत पाणी खूप प्यायलं जातं, पण ते घामावाटे जातं. लघवी उलट कमी आणि पिवळी होते. तहानही वाढली आणि दर खेपेला लघवीही भरपूर, पाण्यासारखी होतेय, तर साखर तपासायलाच हवी. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून कितीही प्या, घशाला कोरड ती कोरडच. न्हाणीत मुंग्या लागतात त्या याचमुळे. पण मुंग्या दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

लघवी थोडी थोडी, अडखळत होत असेल तर प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) त्रास असू शकतो. प्रेशरची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. गोळी मनानं बंद करू नका.

पायांचंही विचारा. माझ्या सासूबाई मध्यरात्री उठून तळवे गार लादीवर टेकून बसायच्या, इतकी आग व्हायची. पायाला मुंग्या, जांघेत खाज, वजन उतरणं, धूसर दिसणं हेही त्यातलंच. उष्णता म्हणून साखर घातलेलं कोकम सरबत देऊ नका. साधं पाणी द्या, ते मात्र तोडू नका.

या आठवड्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात. गरज वाटली तर डॉक्टर पुन्हा तपासतात. आदल्या रात्री पेज-भात नेहमीसारखा जेवू दे, मुद्दाम कमी खाऊन आकडा चांगला आणण्यात अर्थ नाही.

पुढे औषधं सुरू झाली आणि रात्री दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं, तर साखर उतरलेली असू शकते. नीट शुद्धीत असतील तरच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. आत्ताही उलट्या, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.