वाचक विचारतात : रासायनिक सूत्रांची जुळणी

प्रश्न : शालेय विज्ञानाच्या एका मराठी पुस्तिकेची मांडणी मी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते आहे. मजकूर वर्डमधून पानावर घेतला आणि सूत्रांतले खाली असायला हवेत ते सगळे आकडे ओळीत आले. आता एकेक आकडा निवडून सबस्क्रिप्ट करत बसले आहे. त्यातही काही सुटणारच. शिवाय खाली गेलेले आकडे फार बारीक दिसतात, अशी लेखकांची तक्रार आहे. काही सोपा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, पण आधी केलेलं काम थांबवा. बहुधा मजकूर कॉपी-पेस्ट झाला आहे, किंवा आयात करताना फॉरमॅटिंग गळलं आहे. लेखकांनी वर्डमध्ये आकडे नीट खाली घेतले असतील तर तीच फाइल पुन्हा ‘प्लेस’ करा, ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर खूण करा आणि फॉरमॅटिंग राखण्याचा पर्याय निवडा. मग फाइंड-चेंजमध्ये शोधायचं ते ‘पोझिशन : सबस्क्रिप्ट’ आणि बदलून द्यायची ती तुमची एक कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे अक्षरांचं रूप एका नावाखाली बांधून ठेवणारी शैली. तिला ‘सूत्र-खाली’ असं काहीतरी नाव द्या. यापुढे आकड्यांचं जे काही करायचं ते या स्टाइलमध्येच. सुट्या आकड्याला हात लावायचा नाही.

लेखकांकडूनच आकडे ओळीत आले असतील तर ग्रेप वापरा, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायची सोय. त्यातल्या ‘पॉझिटिव्ह लुकबिहाइंड’ने अट घालता येते : ज्या आकड्याच्या लगेच आधी इंग्रजी अक्षर किंवा बंद होणारा कंस आहे, तेवढ्यालाच ‘सूत्र-खाली’ लावा. ही अट पारखायला मोरचुदाचं सूत्र घ्या. सी-यू-एस-ओ, मग ४, मधला ठिपका, ५ आणि पुढे पाण्याचं सूत्र. ४ च्या आधी अक्षर आहे, तो खाली जातो. ५ च्या आधी ठिपका आहे, तो मोठाच राहतो आणि तसाच राहायला हवा, कारण तो स्फटिकजलाच्या रेणूंची संख्या सांगतो. पाण्यातला २ पुन्हा खाली. समीकरणात सूत्राच्या आधी येणारे गुणक याच कारणाने सुरक्षित राहतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडमधला कंसाबाहेरचा २ मात्र बरोबर पकडला जातो.

समीकरणांसाठी वेगळी पॅराग्राफ स्टाइल (पूर्ण परिच्छेदाला लागणारी शैली) करून ही अट ग्रेप स्टाइल म्हणून तिच्यातच घाला. चालू मजकुरात ती सरसकट लावू नका, नाहीतर कागदाच्या ‘ए ४’ आकारातला ४ सुद्धा खाली उतरेल. तिथे ‘फाइंड नेक्स्ट’ने एकेक बघत पुढे जा.

हे सगळं मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे असं धरून. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसली तरी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यामुळे ही अट मराठी शब्दांवरही चालून जाते. त्याच फॉन्टमध्ये सूत्र सापडलं तर त्याचीही मराठी अक्षरं दिसू लागतात. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये आणा, मात्र रूपांतर करताना सूत्रं बाजूला काढून ठेवा.

प्रभार मी हातानेच देतो. सल्फेट आयनात आधी खाली ४ आणि मग वर ‘दोन उणे’ येतं. सलग टाइप केलं तर ग्रेप दोन्ही आकडे मिळून बेचाळीस समजतं आणि सगळं खाली नेतं. म्हणून प्रभारासाठी ‘सूत्र-वर’ ही दुसरी स्टाइल ठेवा. हाताने लावलेली कॅरेक्टर स्टाइल ग्रेप स्टाइलला भारी पडते, त्यामुळे तो २ वरच राहील. क्रमही सांभाळा : प्रभारात आधी आकडा, मग चिन्ह. आणि उणे म्हणजे हायफन नव्हे. खरं उणे चिन्ह (−) ग्लिफ्स पॅनेलमधून घ्या. वर चढवलेला हायफन इतका आखूड होतो की छपाईत डागासारखा दिसतो.

बारीकपणाबद्दल लेखक बरोबर बोलत आहेत. इनडिझाइनमध्ये सबस्क्रिप्टचा मूळ आकार ५८.३ टक्के असतो, म्हणजे १० पॉइंटच्या मजकुरात तो आकडा जेमतेम ५.८ पॉइंटचा उरतो. आणि तो ३३.३ टक्के खाली सरकतो, त्यामुळे ओळी जवळ असल्या तर खालच्या ओळीतल्या वेलांटीला किंवा रफाराला टेकायला जातो. प्रेफरन्सेसमधल्या ‘अॅडव्हान्स्ड टाइप’मध्ये आकार ६५ ते ७० आणि खाली सरकणं २० च्या आसपास करून बघा. काही ओपनटाइप फॉन्टमध्ये खालचे आकडे मुळातच वेगळे रेखलेले असतात आणि ते देखणे असतात, पण अल्केनच्या सामान्य सूत्रात ‘एन’ आणि अधिक चिन्हही खाली लागतं. तुमच्या फॉन्टमध्ये ते नसेल तर एकाच सूत्रात दोन जाडीची अक्षरं येतील. तसं होण्यापेक्षा सगळीकडे एकच पद्धत बरी.

आता जे कुठलंही सॉफ्टवेअर पकडणार नाही ते. एरियलसारख्या फॉन्टमध्ये लहान एल आणि मोठा आय जवळजवळ सारखेच दिसतात. कार्बन टेट्राक्लोराइड आणि कार्बन टेट्राआयोडाइड यांची सूत्रं त्यात शेजारी ठेवून बघा. मुलांनी ओळखायचं कसं? सूत्रांना सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला) फॉन्ट द्या आणि तो स्टाइलमध्येच बांधून टाका. दुसरं, शीर्षकांना ‘ऑल कॅप्स’ लावू नका. कोबाल्टच्या संज्ञेतला लहान ओ मोठा झाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आणि उभयगामी अभिक्रियेला ⇌ हेच चिन्ह द्या. ↔ हा बाण रेझोनन्स (एकाच रेणूच्या पर्यायी रचना) दाखवायला वापरतात, तो जागा भरायला घेऊ नका.

प्रश्न : बेन्झीनसारख्या रचना मी इलस्ट्रेटरमध्ये रेघा ओढून काढतो. पुस्तकात लावल्यावर कुठे बंध जाड दिसतात, कुठे बारीक. असं का होतं?

उत्तर : प्रत्येक आकृती वेगळ्या प्रमाणात लहान-मोठी केल्यामुळे. ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ चालू असेल तर आकृतीबरोबर रेघेची जाडीही बदलते. रचना केमड्रॉ किंवा केचरसारख्या रचना काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, कोन आपोआप १२० अंशांचे येतात. केमड्रॉमध्ये ‘एसीएस डॉक्युमेंट १९९६’ ही मांडणी निवडली की बंधाची लांबी १४.४ पॉइंट आणि जाडी ०.६ पॉइंट ठरून जाते. एसव्हीजी किंवा पीडीएफ काढा आणि पानावर १०० टक्क्यांनीच लावा. एखादी रचना रकान्यात मावत नसेल तर तेवढीच आक्रसू नका; रकाना मोडून ती पूर्ण रुंदीत घ्या, किंवा पुस्तकातल्या सगळ्याच रचना एकाच प्रमाणात कमी करा.